अपेक्षा एका ओळीत लिहा

पहिली 'ब'च्या पालकसभेला मी दहा मिनिटं उशिरा पोहोचलो, म्हणून मला पहिल्या बाकावर बसावं लागलं. मागचे बाक वेळेवर आलेल्यांनी कधीच अडवले होते. पालक झाला तरी मागच्या बाकावरचा माणूस मागच्याच बाकावर जातो. बाक सहा वर्षांच्या मापाचा, त्यामुळे सभाभर माझे गुडघे माझ्या आणि बाईंच्या मध्ये आडवे येत होते. त्याचं काही नाही. पण पहिल्या बाकावर बसलेल्यालाच बाई 'पालक प्रतिनिधी' करतात, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या आणि फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं : 'या वर्षी माझ्या पाल्याने काय शिकावे? अपेक्षा एका ओळीत लिहा. नाव नको, फक्त हजेरी क्रमांक.' मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "प्रतिनिधी, तुम्ही सगळ्या गोळा करा आणि विषयवार लावून शनिवारी आणून द्या."

'एका ओळीत' ही सूचना आपल्यापैकी बहुतेकांनी शेवटची पाळली ती सहामाहीत, 'एका वाक्यात उत्तरे लिहा' या प्रश्नाला, आणि तीही दोन मार्कांसाठी. इथे मार्क नव्हते. लोकांनी पाठपोट लिहिलं. अकरा नंबरच्या आईने समास सोडून मुद्द्यांना आकडे घातले. चौतीस नंबरच्या वडिलांनी पुरवणी मागितली. वीस नंबरचे आई-वडील दोघंही आले होते, त्यांना एकच चिठ्ठी मिळाल्यामुळे वर आईची अपेक्षा होती, खाली वडिलांची, आणि मध्ये ठळक रेघ.

वर्गाचा पट बेचाळीसचा. चिठ्ठ्या आल्या एकोणचाळीस. न आलेल्या तिनांतली एक माझी. मी म्हटलं, आधी बाकीच्यांचं वाचतो, मग लिहितो. शाळेतही माझी हीच पद्धत होती.

घरी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या आणि आपोआप माझी आई अध्यक्षस्थानी आली. ती तीस वर्षं बालवाडीत बाई होती. तिच्यापुढे कागदाचा गठ्ठा आला की ती आधी डाव्या हाताने चष्मा वर करते आणि उजवा हात लाल पेनासाठी पुढे करते. मी तिला निळं दिलं.

पहिला गठ्ठा भाषेचा झाला आणि तोच सगळ्यांत जाड. 'इंग्रजी फाडफाड बोलता आले पाहिजे' या आशयाच्या सतरा चिठ्ठ्या, त्यांतल्या सोळा मराठीत. सतरावी इंग्रजीत होती, तिच्यात आईला निळ्या पेनाने दोन दुरुस्त्या करता आल्या आणि तिचा मूड सुधारला. आमची शाळा मराठी माध्यमाची, पण सेमी. म्हणजे गणित इंग्रजीतून, बाकी मराठीतून, आणि मधल्या सुट्टीत हिंदीतून. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीला इंग्रजी आहे. म्हणजे पहिलीत इंग्रजी शिकलेली पहिली पिढी आता पालक होऊन याच बाकांवर बसली आहे, आणि चिठ्ठीत लिहिते आहे : 'आम्हाला नीट शिकवले नाही, निदान यांना शिकवा.'

हिंदीबद्दल एकाही चिठ्ठीत अवाक्षर नव्हतं, कारण त्या विषयावर लोक २०२५ साली बोलून बोलून दमले होते. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला की पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी. १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यात 'अनिवार्य' गेलं आणि 'सर्वसाधारणपणे' आलं. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं. अडीच महिन्यांत एक भाषा आली, सैल झाली आणि गेली. त्यातला बहुतेक काळ पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत होती, त्यामुळे हिंदी आल्याचं त्यांना कळलं नाही आणि गेल्याचंही. सुट्टीभर ती कार्टून बघून सोसायटीच्या पार्किंगमध्ये हिंदीतच भांडत होती. आमची कन्या मराठीत रडते, इंग्रजीत रंग सांगते आणि धमकी द्यायची झाली की हिंदीत देते. सहा वर्षांच्या मुलीला याहून स्पष्ट त्रिभाषा सूत्र कोणती समिती देणार आहे?

तीन चिठ्ठ्यांत 'फोनिक्स' होतं. आईने विचारलं, हे काय? मी सांगितलं, अक्षराचा आवाज शिकवतात. एबीसीतलं अक्षर म्हणायचं एक आणि वाचायचं दुसरं, म्हणून वेगळा क्लास लावतात, महिन्याला अठराशे. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे 'क' दाखवायचा आणि 'क' म्हणायचं, एवढंच ना? मी तीस वर्षं फोनिक्स शिकवत होते आणि मला कोणी सांगितलं नाही."

गणिताचा गठ्ठा मला जरा घरगुती कारणाने जड गेला. आमच्या कन्येचा हजेरी क्रमांक सत्तावीस. शाळा सुरू होऊन महिना झाला तरी ती मराठीच्या वहीवर बाहत्तर लिहीत होती. बेचाळीसच्या वर्गात बाहत्तर नंबरची विद्यार्थिनी. गणिताच्या वहीवर मात्र बरोबर सत्तावीस. मला वाटलं, पोरगी दोन वर्गांत शिकते की काय. मग एका रात्री तिला माझ्यासमोर लिहायला लावलं आणि तिच्या ओठांकडे बघत बसलो. ती पुटपुटली, "सत्ता...", आणि सात काढला. "...वीस", आणि पुढे दोन. जसं ऐकलं तसं लिहिलं. इंग्रजीत 'ट्वेंटी' आधी येतं म्हणून दोन आधी येतो. चूक पोरीची नव्हतीच. आपण वीसच्या पुढे पाहुण्याला मागच्या दाराने आत घेतो.

हेच ओळखून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशीही वाट दिली होती. जुनी वाट बंद केली नव्हती, दोन्ही होत्या. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर ते परोपरीने समजावून सांगत होत्या, की सुरुवातीला लहान मुलांना जोडाक्षरांचे हे आकडे अवघड जातात म्हणून. पण महाराष्ट्राला जोडाक्षराला हात लावलेला खपत नाही. प्रकरण विधानसभेत गेलं आणि मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'चं आता काय करायचं, इथपर्यंत पोहोचलं. माझी आईही तेव्हा कडाडली होती, 'त्रेपन्नला पन्नास तीन म्हणतात म्हणे, उद्या मला सहा दहा पाच वर्षांची म्हणतील.' मीही तिच्या बाजूने होतो. आता बाहत्तर नंबरच्या विद्यार्थिनीचा बाप म्हणून विचार केला आणि जरा वरमलो. खरं सांगायचं तर कोणी मराठीतून फोन नंबर सांगायला लागला की 'एकोणऐंशी'ला माझं पेन अजून थांबतं. मनात ऐंशी म्हणतो, एक पायरी उतरतो, मग लिहितो, तोवर तो माणूस पुढच्या चार आकड्यांवर गेलेला असतो. शिवाय नियम एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असा एकोणनव्वदपर्यंत सरळ येतो आणि नव्याण्णवला अचानक मान टाकतो. कन्येने याचं कारण विचारलं. मी म्हटलं, शंभराचा मान असतो. ती हे वाक्य बाईंना जाऊन सांगणार, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आठ नंबरच्या चिठ्ठीवर अक्षर आजोबांचं होतं, शाईपेनाचं : 'तीसपर्यंत पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. रोज तिन्हीसांजेला परवचा.' आईचे डोळे भरून आले. कन्येने विचारलं, "औटकी म्हणजे आउट झाल्यावर म्हणायची का?" औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा. तो कशाला लागतो, हे त्या आजोबांना विचारायची माझी हिंमत नाही. आईला म्हटलं, तू म्हणून दाखव. तिने पावकी धडाधड म्हटली, निमकी गायली, पाऊणकीला सातापर्यंत आली, खिडकीबाहेर बघितलं, आणि "गॅसवर दूध आहे" म्हणून उठली. दूध फ्रिजमध्ये होतं.

बाकीच्यांना फार वेळ लागला नाही. ॲबॅकस चार, वैदिक गणित दोन, कोडिंग तीन, बुद्धिबळ एक, 'पब्लिक स्पीकिंग' एक. हे शेवटचं ज्या मुलासाठी मागितलं होतं तो वर्गात एका जागी बसत नाही आणि तोंड मिटत नाही, असं बाईंनी त्याच सभेत सांगितलं होतं. केंद्राने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणायचं जाहीर केल्यापासून दोन बाप अस्वस्थ आहेत. तिसरीला एआय, मग पहिलीत त्याची पूर्वतयारी कोणती, असा त्यांचा सवाल आहे. 'शिस्त' या एकाच शब्दाच्या पाच चिठ्ठ्या होत्या. शिस्तवाल्यांना २०२५ च्या जूनमध्ये फार आशा वाटली होती, कारण शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासून प्राथमिक सैनिकी प्रशिक्षण द्यायचा मनोदय जाहीर केला होता. आमच्याकडे कन्या रोज सकाळी डावा बूट उजव्या पायात घालते आणि उजवा डाव्यात. 'दाहिने मुड' म्हटल्यावर ती कुठे जाईल, हे शत्रूलाही सांगता येणार नाही.

गृहपाठावर मात्र आईने कपाळाला हात लावला. 'गृहपाठ देऊ नये' म्हणणारे सहा आणि 'गृहपाठ का देत नाही' विचारणारे सहा. दोन्ही गठ्ठे सारख्या उंचीचे. त्यातही गंमत अशी की ज्यांना गृहपाठ नको होता त्यांनी तो स्वतः करावा लागतो असं कारण दिलं होतं, आणि ज्यांना हवा होता त्यांनी मूल संध्याकाळी मोकळं असतं असं. तशी २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणाने ही भानगड मिटवली आहे : पहिली-दुसरीला गृहपाठ नाही आणि दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो. या दप्तराची हकिगत फार जुनी. 'मालगुडी'वाले आर. के. नारायण राज्यसभेत गेले तेव्हा त्यांनी तिथे भाषण केलं ते मुलांच्या पाठीवरच्या ओझ्यावर. साहित्यिक खासदाराने दप्तरावर बोलावं, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं असेल. पुढे यशपाल समिती नेमली गेली, १९९३ साली तिचा अहवाल आला, त्याचं नावच मुळी ओझ्याविना शिक्षण असं.

प्रतिनिधी या नात्याने मी आमचं दप्तर मोजायचं ठरवलं. घरात काटा नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने दप्तर आकड्याला अडकवलं, म्हणाला, "दोन किलो आठशे," आणि सवयीने भाव सांगितला. मी म्हटलं, विकायचं नाही. तो म्हणाला, "मग मोजता कशाला?" सरकारी मर्यादेपेक्षा सहाशे ग्रॅम जास्त. शाळेला खरमरीत पत्र लिहायचं मनाशी जुळवतच घरी आलो आणि दप्तर सतरंजीवर उपडं केलं. एक पुस्तक. दोन वह्या. कंपास. डबा. दुसऱ्या कुणाच्या तरी डब्याचं झाकण. आणि खालच्या कप्प्यात नऊ दगड. त्यातले सात गुळगुळीत, एक चमकणारा, आणि एक 'तो रडत होता म्हणून' आणलेला. स्वयंपाकघरातल्या मापाने अंदाज घेतला तर सहाशे ग्रॅमच्या आसपासच भरले. पत्र बारगळलं.

रात्री आई दिवाणावर पडल्या पडल्या म्हणाली, "एवढ्या चिठ्ठ्या कशाला मागतात? आमच्या वेळी कोणी विचारत नव्हतं." मग तिची गाडी नेहमीच्या रुळावर गेली. ताराबाई मोडक, अनुताई वाघ. बोर्डीला १९४५ साली त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, कारण गुरं राखायची असायची. मग शाळाच गुरांच्या मागे कुरणात गेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. आई हे सांगते तेव्हा दर वेळी 'शाळाच गेली' या शब्दांना उठून बसते. मी ऐकता ऐकता विचार करत होतो, त्या कुरणातल्या पालकांना कोणी चिठ्ठ्या वाटल्या असत्या तर? त्यांनी बहुधा एवढंच सांगितलं असतं, की संध्याकाळी पोरं आणि गुरं दोन्ही मोजून परत यावीत. एका ओळीत बसलं असतं. गणितही आलं असतं.

माझी स्वतःची चिठ्ठी अजून कोरीच होती. काय लिहावं ते सुचेना असं नाही. फार सुचत होतं. मला स्वतःला पोहता येत नाही, तबला अर्धवट सुटला, चारचौघांत बोलायची भीती वाटते, आणि चिठ्ठीवर हेच क्रमाने उतरायला लागलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. वरच्या सतरा इंग्रजीवाल्यांना मी उगाच हसलो होतो.

शेवटी चिठ्ठी सुटली ती बाटलीमुळे. शाळेसाठी मी हौसेने पाण्याची बाटली आणली होती. आमच्या वेळच्या वॉटरबॅगेला एक झाकण असायचं, ते फिरवलं की पाणी. या बाटलीला वर बटण आहे, बटणाला कुलूप आहे, कुलपाच्या आत नळी आहे आणि नळीवर आणखी एक टोपी. पहिला आठवडाभर बाटली रोज भरलेली परत यायची. आम्ही नवरा-बायकोने, आईने, डॉक्टरांनी, पाणी पिण्याच्या महत्त्वावर तिला व्याख्यानं दिली. ती मान डोलवायची. सोमवारी बाटली रिकामी आली. मी विचारलं, "आज बरं पाणी प्यायलीस?" ती म्हणाली, "आज उघडली."

म्हणजे आठवडाभर तिला ती उघडताच येत नव्हती, आणि व्याख्यान ऐकताना ते सांगायचं असतं हेही तिला सुचलं नव्हतं. उघडून दिली होती शेजारी बसणाऱ्या तेहतीस नंबरने. त्याचं मराठी अजून तयार होतंय, घरी हिंदी बोलतात. त्याने काही न बोलता तिचे दोन्ही अंगठे धरून बटणावर ठेवले आणि दाबले. बदल्यात तिने त्याला 'ळ' म्हणायला शिकवलं. तो 'बाटली'लासुद्धा आता 'बाटळी' म्हणतो, एवढा त्याला तो आवडला आहे. मी म्हटलं, मला दाखव बघू कशी उघडतात. तिने दाखवलं. मला जमलं नाही. "बाबा, अंगठे दोन्ही," ती म्हणाली. तीन वेळा.

मी चिठ्ठी घेतली, सत्तावीस लिहिलं (आधी दोन, मग सात), आणि पुढे : 'झाकण उघडता यावे.'

शनिवारी गठ्ठे घेऊन शाळेत गेलो तर बाई वर्गात होत्या. मी बाहेरच्या बाकड्यावर थांबलो. शाळेच्या मावशी तिथेच एका मुलाचं नाक पुसत होत्या. त्यांचा नातूही आमच्याच वर्गात, एकोणचाळीस नंबर. म्हणाल्या, "चिठ्ठी मी दिली नाय. लिहिता येतंय, पण बाई वाचणार म्हणून लाजले. तुम्ही लिवा." मी एका कोऱ्या कागदावर पेन टेकवलं. त्या विचार करायला थांबल्या नाहीत. "नाक शिंकरता आलं पायजे. स्वतःचं स्वतः. आन् आतून 'झाली' म्हणून हाक मारता आली पायजे. बाकीचं बाई बघतील." ओळ एकच नव्हती, पण मी एका ओळीत बसवलं.

बाई बाहेर आल्या, गठ्ठे बघितले, खूश झाल्या. भाषा, गणित, क्लास, शिस्त, गृहपाठ. प्रत्येकावर आईच्या अक्षरातलं लेबल आणि रबरबँड. मग त्यांनी खाली राहिलेल्या दोन चिठ्ठ्या उचलल्या.

"या कुठे घालायच्या?"

"इतर," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही वाचल्या, माझ्याकडे पाहिलं, रबरबँड काढला आणि सगळ्यांत वर 'इतर' ठेवलं. मग आत जाताना थांबल्या. "आणि ते शंभराचा मान असतो, हे तिला तुम्ही सांगितलंत का? तीन दिवस झाले, अख्खा वर्ग नव्याण्णव म्हणताना उभा राहतो."